आपल्या माणसाचा कागद

वकीलकाका देवघरे यांच्या नावावर आयुष्यभर काहीही नव्हतं. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातलं घर किरायाचं, स्कूटर भाच्याच्या नावाची, तात्यापाऱ्यात भांड्यांच्या दुकानावर असलेलं ऑफिस कुण्या मेलेल्या माणसाच्या नावानं चालत आलेलं. हातातला मोबाइलसुद्धा बायकोच्या, नलूकाकूंच्या नावावर. "माझ्या नावावर फक्त माझं नाव आहे," असं ते स्वतःच सांगायचे आणि अडकित्त्यानं सुपारी कातरायला लागायचे. सुपारी अशी पातळ की जिभेवर ठेवली तर कळू नये. समोर बसलेल्याला ते ती कधी देत नसत.

माणूस दुष्ट होता, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे त्यांच्या चांगुलपणाचं काही आलं तर वाचणारा फसायचा नाही. आम्ही सगळे फसलो, ते कुणी आधी सांगितलं नाही म्हणून.

आम्ही म्हणजे वर्धा, अमरावती, नागपूरकडून आजोबा-पणजोबांच्या काळात रेल्वेच्या आणि सरकारी नोकरीच्या मागे रायपूरला आलेली मराठी घरं. नातवंडं आता मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देतात, पण मंडळाचा गणपती बसतो, संक्रांतीला तिळगूळ होतो आणि कुणी गेलं की स्मशानात सगळे जमतात. तिथे सगळ्यांच्या आधी वकीलकाका हजर. आमचे बाबा गेले तेव्हा दवाखान्यातून मृतदेह सोडवून आणण्यापासून खांदा देण्यापर्यंत तेच पुढे होते. कुणाच्या मुलीचं लग्न अडलं, कुणाचं पेन्शन अडकलं, कुणाच्या पोराला कॉलेजात घ्यायचं, की वकीलकाका. पैसे घेत नसत. "आपल्या माणसाकडून काय घेऊन राहिलो," म्हणायचे. आपल्या माणसाकडून ते काय घेत, ते कळायला वेळ लागला.

वकील म्हणायचे, पण कोर्टात उभं राहिलेलं त्यांना मी तरी पाहिलं नाही. त्यांचं काम आयकराचं. बड्या लोकांचा पैसा खात्याला दिसणार नाही अशा जागी नेऊन ठेवायचा, हे ते काम, आणि जागा म्हणजे माणसं. तांदळाच्या गिरणीच्या शेठला जमीन घ्यायची आहे, पण पैसा दाखवता येत नाही. मग जमीन एखाद्या साध्यासुध्या माणसाच्या नावावर घ्यायची. नाव त्याचं, मालकी शेठची. याला बेनामी म्हणतात. सरकार अशांना शोधत असतं आणि काकांसारखी माणसं सरकारच्या वाटेत कुणालातरी उभं करत असतात.

आमच्यात एक रीत आहे. घरच्यासारख्या वडीलधाऱ्या माणसानं कागद पुढे केला की तो वाचायचा नाही. वाचायला घेतला तर त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. ज्यानं आपल्या बापाला खांदा दिला त्याचा कागद चष्मा लावून वाचत बसायचं, हे आमच्याकडे कुणाला सुचतसुद्धा नाही. काका कागद ठेवायचे, बोटानं जागा दाखवायचे आणि म्हणायचे, "काही नाही, नेहमीचंच आहे." लोक सही करायचे आणि वर चहा पाजायचे.

एका संक्रांतीला मंडळाच्या हॉलमध्ये मी तिळगुळाचं ताट घेऊन त्यांच्याजवळ उभी होते. ते लोकांकडे बघत होते. बाजारात वांगी दाबून बघतात ना, तसे.

"सुमन, तुले सांगतो," ते म्हणाले, "माणूस पाहावा तर पेन्शनवाला. नोकरीत कधी चहा बी फुकट न पिलेला. पोट्टे नसले तर अजून चांगलं, पोट्टे विचारतात. आन् मुख्य म्हणजे लाजाळू पाहिजे. लाजाळू माणूस बोंब मारत नाही."

"कशासाठी पाहावा, काका?" मी विचारलं.

"कशासाठीही," म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "तुले नाही मागणार मी काही. तू मास्तरीण आहेस. तू लाल शाई काढशील."

मला तेव्हा ते कौतुक वाटलं. तीस-पस्तीस वर्षं शाळेत वह्या तपासल्या, त्याची कुणी दखल घेतली म्हणून मी त्यांना दोन तिळगूळ जास्त दिले.

त्यानंतर त्यांच्याकडे आयकर खात्याची धाड पडली. सकाळी दुधाच्या वेळेला गाड्या आल्या. पंच म्हणून शेजारची दोन माणसं हवी होती, तर कोपऱ्यावरचे साडीवाले गुप्ताजी आणि मी, असे आम्ही दोघं जाऊन बसलो. पंचाचं काम बघायचं, आणि मी मन लावून बघितलं. खात्याच्या लोकांनी गाद्या उसवल्या, तांदळाचे डबे उपडे केले, देवघरातले देव खाली काढून ठेवले. काका खुर्चीत बसून सुपारी कातरत होते. मध्येच आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "नलू, साहेब लोकांले पोहे दे. कांदा कमी टाक, त्यांच्यात एक जैन आहे." खरंच होता. त्यांना ते धाडीच्या आधीच माहीत होतं.

तरुण अधिकारी वैतागला. "काकाजी, आपके नाम पे कुछ भी नहीं?"

"है ना साहब. नाम है."

मग त्या अधिकाऱ्यानं नलूकाकूंना समोर बसवलं. कागद चाळत विचारलं, "माताजी, शंकरनगरवाले दोनों फ्लैट आपने कब लिए?"

काकूंच्या हातात पोह्यांची ताटली होती. त्या म्हणाल्या, "कौन से फ्लैट?"

त्यानं सांगितलं. दोन फ्लॅट, त्यांच्या नावावर, त्यांच्या सहीनं. काकूंनी ताटली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि नवऱ्याकडे वळल्या. अधिकारी, शिपाई, गुप्ताजी, मी, सगळ्यांसमोर त्या एवढंच म्हणाल्या, "मग मले किरायाच्या घरात काहून ठेवलं तुम्ही? नळाले पाणी नाही, जिना उतरून आणते मी."

काका म्हणाले, "फ्लॅट तुझेच आहेत न. कोण नाही म्हणते?"

शिपाई खुदकन हसला. काकू हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना पोहे दिले, नवऱ्याला सोडून. काही दिवसांनी त्यांनी दोन बॅगा भरल्या आणि त्यातल्या एका फ्लॅटमध्ये राहायला निघून गेल्या. खात्याशी वाद सुरूच होता, पण राहू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या धंद्याचा फायदा झालेली ती एकटीच बाई.

धाडीत बाकी काही निघालं नाही. आणि आमची माणसं अशी, की त्यामुळे काकांचा मान वाढला. 'एवढे सरकारी लोक आले, घर उकरलं, एक कागद सापडला नाही, याला म्हणतात सचोटी', असं मंडळात लोक बोलायला लागले. माझा भाऊही त्यातच होता.

शरददादा रेल्वेत मालधक्क्यावर क्लार्क होता. व्यापाऱ्यांचा माल तिथून जायचा, हात ओला करायला लोक टपलेले असायचे, आणि हा माणूस स्वतःच्या डब्यातला चहा प्यायचा. निवृत्त झाला तेव्हा मंडळानं त्याला कोषाध्यक्ष केलं. मूलबाळ नाही. वहिनी, तो आणि मी, एकाच घरात वर-खाली राहतो. भावाची कमाई म्हणजे थोडं पेन्शन आणि मोठं नाव. त्या नावाला डाग लागू नये, एवढ्यासाठी तो आयुष्यभर अंग चोरून जगला. म्हणजे काकांना हवा होता अगदी तसाच.

दसऱ्याला काका आमच्याकडे सोनं द्यायला आले. आपट्याची पानं दादाच्या हातात दिली, पाया पडलेल्या वहिनीला आशीर्वाद दिला आणि म्हणाले, "शरद, मंडळासाठी जागा पाहून ठेवली आहे. नव्या रायपूरच्या रस्त्याले. आपला स्वतःचा हॉल होईल. देणगीदार मोठा आहे, पण नाव नको म्हणते. तू कोषाध्यक्ष, सध्या तुझं नाव लावू."

दादा रजिस्ट्रीला नवा सदरा घालून गेला. फोटो काढला, अंगठा दिला, बोट ठेवलेल्या प्रत्येक जागी सही केली. घरी येऊन वहिनीला म्हणाला, "आता आपली पोरं लग्नाले हॉल शोधत नाही फिरणार." त्याला स्वतःची पोरं नव्हती. 'आपली' म्हणजे साऱ्या मंडळाची.

पुढे आयकर खात्याची नोटीस आली. त्या रस्त्याची जमीन आता सोन्याच्या भावाची, आणि मालक एक निवृत्त क्लार्क. मी दादाबरोबर खात्याच्या ऑफिसात गेले. अधिकारी सभ्य होता. दादानं सांगितलं, "ज़मीन मेरी नहीं है साहब, हमारे मंडल की है." तो म्हणाला, "तो मंडल से लिखवाकर ले आइए." एवढंच. दादा हलका होऊन बाहेर आला, मला लस्सी पाजली.

मंडळाची बैठक भरली. अध्यक्षांनी कागद बघितले आणि म्हणाले, "असा ठराव तर झालाच नाही कधी." सगळ्यांनी दादाकडे बघितलं. कोषाध्यक्षानं स्वतःच्या नावावर जमीन घेतली आणि आता मंडळावर ढकलतो आहे, हे त्यांच्या तोंडावर मला मागच्या रांगेतून वाचता येत होतं. काका पहिल्या रांगेत होते, सुपारी कातरत. दादानं त्यांच्याकडे बघितलं. लहान मूल मास्तरांकडे बघतं तसं. "काका, सांगा न तुम्ही."

काका उठले. म्हणाले, "शरद भोळा आहे. सांभाळून घ्या त्याले."

एवढ्या वाक्यात त्यांनी माझ्या भावाला चोर करून टाकलं, आणि वर दयाळू ठरले. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

त्याच संध्याकाळी ते घरी आले. हातात खात्याला द्यायचं उत्तर, टाइप केलेलं. "काही नाही, नेहमीचंच आहे. यानं सुटशील तू." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी म्हटलं, "दादा, वाच." मोठ्यानं म्हटलं.

काका म्हणाले, "वाच न बापा, वाच. मी काय परका आहो?"

दादाचा हात खिडकीतल्या चष्म्याकडे गेला. तिथे थांबला. आता वाचायचं म्हणजे यांनी आधी फसवलं हे बोलून दाखवायचं, बाबांना खांदा दिलेल्या माणसाला, आपल्याच घरात, आपलाच चहा त्याच्या हातात असताना. ते त्याला जमलं नाही. त्यानं चष्म्याशिवाय सही केली. इतका राग मला, ज्याची ती जमीन होती त्या गिरणीवाल्या शेठचा आला नाही, सरकारचा आला नाही, काकांचासुद्धा आला नाही, जितका त्या क्षणी माझ्या भावाचा आला.

उत्तरात लिहिलं होतं की आर्वीकडची आजोबांची जमीन विकून त्या पैशातून ही जागा घेतली. आमच्या आजोबांकडे बैल नव्हता, जमीन कुठली! पण बातमी वर्ध्याला पोचली आणि चुलतभाऊ विनायक मिठाईचा डबा घेऊन हजर झाला. "आजोबाची जमीन विकली, आन् आमाले सांगतलं बी नाही?" दादा म्हणाला, जमीन नव्हतीच. विनायक म्हणाला, "मंग सरकारले लिहून काहून देलं?" विनायकानं मुक्काम ठोकला, आमच्याच घरचं खात आमच्यावर वकिलाची नोटीस बजावली आणि जाताना मिठाईचा रिकामा डबा आठवणीनं परत नेला.

गल्लीत दादा गरीब आहे यावर आता कुणाचाच विश्वास नव्हता. गणपतीच्या वर्गणीला पोरं आली की म्हणायची, "शरदभाऊ, आप तो छुपे रुस्तम निकले." भाजीवाली भाव वाढवून सांगायची. जुने मित्र उधार मागायला यायचे आणि नाही म्हटलं की कंजूस म्हणून जायचे. खात्यानं आर्वीला चौकशी केली, जमीन निघाली नाही, आणि खोटं लिहून दिल्याचा ठपका वर आला. बँकेच्या खात्याला टाळं लागलं.

मी काकांच्या ऑफिसात गेले. जे तोंडात आलं ते बोलले. ते शांत होते.

"सरकार म्हणजे आंधळी कोशिंबीर खेळणारं पोट्टं आहे," म्हणाले. "हाताले लागते त्यालेच धरते. म्हणून हाताशी कोणीतरी ठेवावं लागते. शरदले काय होते? त्याच्याजवळ आहेच काय?"

"नाव होतं," मी म्हटलं.

"त्याचंच तर काम होतं," काका म्हणाले, आणि खाली चहावाल्याला हाक मारली, "दू ठन चाय भेज दे गा." मी चहा न पिता उतरले.

त्यानंतर दादा वाचायला लागला. औषधाच्या पाकिटावरचं बारीक अक्षर, लग्नपत्रिकेतलं प्रेसचं नाव, भज्यांच्या पुडीचा कागद. वाचल्याशिवाय हात लावत नाही. आणि सही करत नाही, कशावरच. बँकेचं टाळं मोठ्या खटपटीनं निघालं, तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायची वेळ आली. मी जिवंत आहे, एवढं लिहिलेल्या कागदावर सही करायची. त्यानं तो दोनदा वाचला, घडी केली आणि परत दिला. "मी सही करत नाही," म्हणाला. अंगठाही देईना. पेन्शन बंद झालं. आता घर माझ्या पेन्शनवर चालतं आणि सरकारच्या दृष्टीनं माझा भाऊ जिवंत असल्याचा पुरावा नाही.

इकडे काकांच्या डोळ्यांत साखर उतरली. आधी अक्षरं गेली, मग चेहरे. काकू फ्लॅटमध्ये, भाचा स्कूटर घेऊन बिलासपूरला. ज्यांची नावं त्यांनी वापरली होती त्यांच्याकडे एकामागून एक नोटिसा जायला लागल्या होत्या, त्यामुळे सोनं द्यायलासुद्धा कुणी त्यांच्याकडे जाईना. खातंही आता हळूहळू गिरणीवाल्या शेठच्या अंगणापर्यंत पोचलं होतं.

गेल्या दसऱ्याला मी त्यांच्या घरी गेले. आधी दादा जायचा, आता तो जात नाही म्हणून मी जाते, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे मला त्यांना तसं बसलेलं बघायचं होतं. दुपार होती. ते त्याच खुर्चीत होते. अडकित्ता हातात, पण सुपारीचे तुकडे जाड पडत होते. मी आवाज दिला तर चेहरा वर केला. "सुमन का? ये बाई. शरद नाही आला?"

मी पानं त्यांच्या हातात देणार, तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. शेठचा माणूस होता, इस्त्रीचा शर्ट, परफ्यूम. "काकाजी, पाय लागूं. सेठजी ने याद किया है. छोटा सा पेपर है, नोटरी साहब नीचे गाड़ी में बैठे हैं." कागद त्यांच्या मांडीवर ठेवला, पेन हातात दिलं. "कुछ नहीं काकाजी, हमेशा वाला ही है."

काकांनी कागदावरून बोटं फिरवली, जणू बोटांना दिसेल. पेन मांडीवर ठेवलं आणि माझ्या दिशेनं कागद धरला.

"सुमन, तू आहेस न इथे. वाच बरं, काय आहे."

त्या माणसानं माझ्याकडे बघितलं. मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, वही तपासतात तसा, सगळा कागद मनात वाचला. लिहिलं होतं की नव्या रायपूरच्या रस्त्याची जमीन श्रीधर देवघरे यांनीच, स्वतःच्या पैशानं, शरद यांना अंधारात ठेवून त्यांच्या नावावर घेतली. शेठचा तिच्याशी काही संबंध नाही. अंधारात ठेवल्याचं तेवढं खरं होतं. यावर सही झाली की दादा सुटणार, काका अडकणार, आणि ज्याची जमीन तो शेठ सुखानं जेवायला बसणार. हे मला नीट कळलं. कळून मी कागद परत त्यांच्या मांडीवर ठेवला, त्यांचं बोट धरून सहीच्या जागेवर टेकवलं आणि म्हटलं,

"काही नाही काका. नेहमीचंच आहे."

त्यांनी मान वर केली. न दिसणारे डोळे माझ्या चेहऱ्यावर बराच वेळ ठेवले. एवढ्या वर्षांत कुणी त्यांना पुन्हा विचारलं नव्हतं, आणि आता परक्या माणसासमोर त्यांनाही मला पुन्हा विचारता येईना. त्यांनी पेन उचललं. सही केली. सही पहिल्यासारखीच देखणी होती, एकही वळण चुकलं नाही.

शेठचा माणूस फुंकर मारून शाई वाळवत जिना उतरून गेला. मी पर्स उचलली.

"सुमन," काका म्हणाले, "लाल शाई संपली वाटते तुझी."

त्यांनी हात पुढे केला आणि तळवा उघडा धरला. सोनं द्यायचं राहिलं होतं. पानं माझ्या मुठीत होती, घामानं ओली झालेली. दारातून वळून बघितलं तेव्हाही तो हात तसाच होता, उघडा, आणि ते मान किंचित वाकडी करून मी अजून खोलीत आहे का, ते ऐकत होते. मी पानं घरी आणून दादाला दिली. त्यानं आधी दोन्ही बाजू उलटून पाहिल्या, काही लिहिलेलं नाही याची खात्री केली, आणि मग घेतली.